पाणी, पेय आणि प्यावे : पिण्याच्या योग्यतेचा शब्दविचार

१

रेल्वे स्थानकावरील नळाच्या वर ‘पिण्याचे पाणी’ अशी पाटी असते. केंद्र शासनाच्या खात्याच्या आणि योजनांच्या नावांत ‘पेयजल’ हा शब्द योजिला जातो. मुंबई महानगरपालिकेच्या पर्यावरणविषयक अहवालांत पाण्याचे नमुने ‘योग्य’ अथवा ‘अयोग्य’ म्हणून मोजले जातात. जाहिरातींत ‘शुद्ध पाणी’ आढळते, तर आंतरराष्ट्रीय ठरावांच्या मराठी रूपांतरांत ‘सुरक्षित पाणी’ वाचावयास मिळते. ह्या पाचही शब्दप्रयोगांचा अर्थ एकच असून त्यांतील निवड केवळ शैलीची आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. ‘पिण्याचे’ हा शब्द उद्देश सांगतो. ‘पेय’ वर्ग सांगतो. ‘शुद्ध’ संस्कार सांगतो. ‘सुरक्षित’ रक्षण सांगतो. पिणाऱ्यास अपाय होणार नाही, एवढे साधे विधान करण्याचा प्रयत्न ह्या पाचांपैकी एकटा ‘योग्य’ करतो, आणि तोही अर्धवट करतो.

प्रश्न केवळ कोशाचा नाही. पाण्याच्या योग्यतेची हमी कोणी घ्यावयाची, ती कोणत्या क्षणी लागू होते आणि कोणाला लागू होते, ह्या गोष्टी शब्दाच्या घडणीत दडलेल्या असतात. शब्द चुकीचा निवडला की हमी देणारा वाक्यातून नाहीसा होतो. ह्या विषयाच्या अभ्यासास दक्षिण व मध्य मुंबईचा टापू विशेष सोयीचा आहे. चारी बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेले बेट, त्यावरील तळी व विहिरी, त्यांच्या जागी आलेला नळ, परळची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा आणि परळमध्येच कार्यालय असलेली, पाणवठ्याच्या हक्कासाठी झगडणारी संस्था, हे सर्व काही मैलांच्या आत एकवटलेले आहे.

२

प्रथम व्युत्पत्ती पाहू. इंग्रजीतील ‘पोटेबल’ हा शब्द पंधराव्या शतकापासून आढळतो. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘पोटाबिलिस्’ हे त्याचे मूळ. ‘पोटारे’ म्हणजे पिणे. हा धातू आणि संस्कृत ‘पा’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. अर्थात् ‘पोटेबल’ आणि ‘पेय’ हे धातूच्या दृष्टीने भाऊबंदच होत. दोहोंतील खरा प्रश्न धातूचा नसून प्रत्ययाचा आहे.

संस्कृतात ‘पा’ धातूस तीन प्रमुख कृत्य प्रत्यय लागतात. ‘तव्य’ लागून ‘पातव्य’, ‘अनीय’ लागून ‘पानीय’ आणि ‘य’ लागून ‘पेय’. शेवटच्या रूपात धातूच्या अंत्य ‘आ’चा ‘ई’ होऊन पुढे गुण होतो. ‘देय’, ‘गेय’, ‘ज्ञेय’ ही रूपे अशीच सिद्ध होतात. ह्या कृत्य प्रत्ययांचा अर्थ काय, ह्याविषयी पाणिनीने दाखविलेली सूक्ष्मता येथे फार उपयोगी पडते. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ह्या प्रत्ययांचे निरनिराळे अर्थ निरनिराळ्या सूत्रांत सांगितले आहेत. १६३ व्या सूत्रात आज्ञा, अनुज्ञा आणि उचित वेळ. १६९ व्या सूत्रात अर्हता, म्हणजे लायकी. आणि १७२ व्या सूत्रात शक्यता. म्हणजे ‘पेय’ ह्या एकाच रूपातून ‘पिता येईल असे’, ‘पिण्यास मोकळीक आहे असे’, ‘पिण्याच्या लायकीचे’ आणि ‘प्यालेच पाहिजे असे’ इतके अर्थ निघू शकतात. वैय्याकरणांनी हे अर्थ वेगळे मोजले, ह्याचाच अर्थ ते एक नाहीत हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

आता मराठीकडे वळले असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. हे तिन्ही कृत्य प्रत्यय मराठीत आजही जिवंत आहेत, पण त्यांनी आपापसात वारसा वाटून घेतला आहे.

‘पानीय’चे प्राकृतात ‘पाणीअ’ आणि मराठीत ‘पाणी’ झाले. म्हणजे आपल्या रोजच्या ‘पाणी’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच ‘पिण्याजोगे’ असा आहे. परंतु ही योग्यतेची छटा फार पूर्वी, संस्कृतातच, पुसट झाली होती. अमरकोशाच्या वारिवर्गात ‘पानीय’ हा शब्द पाण्याच्या इतर पर्यायांच्या रांगेत, कोणत्याही विशेषाशिवाय, बसलेला आहे. मराठीत तर ह्या शब्दाचा विस्तार एवढा झाला की समुद्राचे पाणी, डोळ्यांतले पाणी, मोत्याचे पाणी आणि तलवारीचे पाणी हे सारे प्रयोग बिनदिक्कत होऊ लागले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘खारे पाणी’ हा वदतोव्याघात आणि ‘पिण्याचे पाणी’ ही द्विरुक्ती आहे. भाषकाला ह्यांपैकी काहीच जाणवत नाही, ह्यावरूनच मूळ अर्थ किती निःशेष झाला हे कळते.

‘तव्य’ प्रत्ययाचा वारस म्हणजे मराठीच्या विध्यर्थातील ‘आवा-आवी-आवे’ हा प्रत्यय. झ्यूल ब्लॉक ह्यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथापासून (१९२०) हा संबंध अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. ‘प्यावे’ ह्या रूपात आज्ञा, अनुज्ञा आणि कर्तव्य ह्या छटा राहिल्या. परंतु ‘प्यावे’ हे पाण्याचे विशेषण होत नाही, ते माणसाला उद्देशून असते. तिसरा ‘पेय’ हा तत्सम म्हणून मराठीत आला आणि नाम बनला. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावयाचा आहे.

हिशेब असा लागतो : ‘पाणी’कडे द्रव्य गेले, ‘प्यावे’कडे आज्ञा गेली, ‘पेय’कडे प्रकार गेला. अर्हता, म्हणजे पिणाऱ्यास न बाधण्याची लायकी, ही मात्र कोणाच्याच वाट्यास आली नाही. ती जागा भरण्यासाठी मराठीला वारंवार नवा शब्द घडवावा लागला, आणि दर वेळी त्या शब्दामागील हमीदार बदलला. मुंबईच्या पाण्याचा इतिहास हा ह्या हमीदारांच्या बदलाचाही इतिहास आहे.

३

‘पेयजल’ हा शब्द शासनव्यवहारात हिंदीच्या वाटेने रूढ झाला. २००९ साली सुरू झालेला ‘राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम’ आणि केंद्र शासनाचा ‘पेयजल व स्वच्छता विभाग’ ह्या नावांनी तो मराठी वृत्तपत्रांत व परिपत्रकांत स्थिरावला. महाराष्ट्र शासनाच्या खात्याचे नाव मात्र ‘पाणीपुरवठा व स्वच्छता’ असे आहे. हा भेद उद्बोधक आहे. ‘पाणीपुरवठा’ ह्या शब्दात पुरविणारा गृहीत आहे. ‘पेयजल’ ह्यात केवळ पदार्थ आहे.

‘पेयजल’ शब्दाविरुद्ध मुख्य आक्षेप तो संस्कृत आहे हा नव्हे. मराठीने शेकडो संस्कृत शब्द आपलेसे केले आहेत. आक्षेप असा की, मराठीत ‘पेय’ ह्या शब्दाला दोन अर्थ आधीच चिकटलेले आहेत आणि त्यांपैकी कोणताही येथे लागू पडत नाही. पहिला अर्थ वर्गवाचक. भक्ष्य, भोज्य, लेह्य, पेय ह्या परंपरागत विभागणीत ‘पेय’ म्हणजे गिळण्याच्या रीतीवरून ठरलेला अन्नप्रकार. आयुर्वेदातील ‘पेया’ ही तांदळाची पातळ पेज. शीतपेय, उत्तेजक पेय, मद्यपेय ह्या आधुनिक शब्दांत हाच अर्थ चालू राहिला आहे. मद्य हे पेय असू शकते आणि तरीही अपायकारक असू शकते. तेव्हा ह्या अर्थाने पाण्याला ‘पेय’ म्हणण्याने ते पातळ आहे ह्यापलीकडे काही सिद्ध होत नाही.

दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो नकारात अधिक स्पष्ट दिसतो. मराठीत ‘अपेयपान’ म्हणजे दारू पिणे. दारू ही येथे ‘अपेय’ ठरते ती तिच्यात दोष आहेत म्हणून नव्हे, तर ती निषिद्ध आहे म्हणून. धर्मशास्त्रातील पेयापेयविचार हा अनुज्ञेचा विचार आहे, आरोग्याचा नव्हे. एखाद्या शब्दाचा खरा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून तपासावा, ही अर्थविचारातील जुनी आणि भरवशाची कसोटी आहे. ‘पोटेबल’चा नकार ‘पिण्यास घातक’ असा होतो. ‘पेय’चा नकार मराठीत ‘पिण्यास मनाई असलेले’ असा होतो. ह्या कसोटीवर ‘पेयजल’ उतरत नाही. नळावर ‘अपेय जल’ अशी पाटी लावली, तर लालबागच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला ती पाण्याविषयीची धोक्याची सूचना वाटणार नाही. आणि जी सूचना वाचणाऱ्याला समजत नाही तिची किंमत शून्य होय.

४

बोलीने मात्र आपली सोय स्वतःच करून घेतली होती. पाण्याच्या बऱ्यावाईटपणासाठी मराठीत जो शब्दसंग्रह आहे तो मुख्यतः जिभेचा, डोळ्यांचा आणि पोटाचा आहे. गोडे, खारे, मचूळ हे चवीचे शब्द. निवळ आणि गढूळ हे दृष्टीचे. जड आणि हलके हे पचनाचे. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे किंवा निवळीचे बी उगाळणे हे उपाय दृष्टीच्या कसोटीशी जोडलेले आहेत. ह्याखेरीज पाणी ‘बाधते’, पाणी ‘लागते’, एखाद्या गावचे पाणी ‘मानवत नाही’ असे क्रियाप्रयोग आहेत. ह्या प्रयोगांची रचना पाहण्यासारखी आहे. पाणी हा कर्ता आणि पिणारा चतुर्थीत : ‘त्याला तिकडचे पाणी बाधले.’ म्हणजे योग्यता हा पाण्याचा स्वतंत्र गुण नसून पाणी व पिणारा ह्यांच्यातील संबंध आहे, अशी बोलीची समजूत दिसते. ही समजूत अडाणीपणाची नव्हे. पण तिच्यात हमीदार कोणीच नाही. बाधेपर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

मुंबई बेटावर ‘गोडे पाणी’ हीच दीर्घकाळ पिण्याच्या पाण्याची व्याख्या होती. समुद्रापासून जवळ असूनही गोडे पाणी लागल्यामुळे १७२५ सालची चर्चगेटनजीकची भिखा बेहराम विहीर प्रसिद्ध पावली. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही स्थलनामे त्या काळची साक्ष देतात. तळी गेली, नावे उरली. परळच्या ‘पोयबावडी’ ह्या नावात तर पाण्याचे दोन शब्द एकत्र आले आहेत. ‘बावडी’चा संबंध संस्कृत ‘वापी’शी आहे, ‘पोय’ हा घटक ‘पाणपोई’तील ‘पोई’च, म्हणजे ‘प्रपा’शी जोडला जाणारा शब्द, मानणे ध्वनिदृष्ट्या आणि अर्थदृष्ट्या सरळ आहे. वाटसरूला पाणी पाजण्याच्या पुण्यकर्माची स्मृती ह्या नावात राहिली आहे.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची भर पडली. येथे कालक्रम ध्यानात घेणे अवश्य आहे. लंडनमधील पटकीच्या साथीचा संबंध जॉन स्नो ह्यांनी १८५४ साली एका पंपाच्या पाण्याशी जोडला होता. परंतु पटकीच्या जंतूची ओळख रॉबर्ट कॉख ह्यांनी इजिप्त व कलकत्ता येथील संशोधनातून पटविली ती १८८३-८४ साली. म्हणजे विहारचे पाणी मुंबईत आले तेव्हा ‘चांगले पाणी’ ह्याचा अर्थ गोडे, निवळ आणि वास नसलेले एवढाच होता. नळाने पुरवठा बदलला. शब्दाची कसोटी अजून जिभेचीच होती.

ह्याच काळात ‘शुद्ध’ ह्या शब्दाची कसरत सुरू झाली. नळाच्या तोटीतील चकती चामड्याची असते आणि एकच पाणी सर्व जातींच्या हातांतून जाते, ह्या कारणांवरून सनातनी घरांतून नळाचे पाणी सोवळ्यास वर्ज्य मानले गेले. स्वयंपाकाला व देवपूजेला विहिरीचे पाणीच ‘शुद्ध’. पुढे १९११ साली बेंटली ह्यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल सादर केला आणि शहरातील विहिरी हे डासांच्या पैदाशीचे ठिकाण असल्याचे दाखविले, तेव्हा विहिरी बुजविण्याला वा झाकण्याला धार्मिक कारणांवरून विरोध झाला. एकाच गिरगावात, एकाच शब्दाने, दोन परस्परविरुद्ध पाण्यांचे वर्णन होत होते : नगरपालिकेच्या लेखी नळाचे पाणी शुद्ध आणि विहिरीचे संशयास्पद, सोवळ्याच्या लेखी नेमके उलट. ‘शुद्ध’ शब्दाचा हा द्व्यर्थ अद्यापही संपलेला नाही. ‘जलशुद्धीकरण केंद्र’ ह्या शब्दात तो निरुपद्रवी झाला आहे खरा. पण ‘शुद्ध’ म्हणजे कशापासून आणि कोणासाठी शुद्ध, हा प्रश्न तो स्वतः कधीच विचारू देत नाही.

५

‘शुद्ध’ शब्दाचा हा दोष किती गंभीर असू शकतो हे महाडच्या उदाहरणावरून दिसते. आणि महाडची वाट परळवरून जाते. १९२३ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण जाहीर झाले. १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते, आणि डॉ. आंबेडकर स्वतः दादरच्या ‘राजगृहा’त जाण्यापूर्वी परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी प्राशन केले.

तळ्याचे नावच ‘चवदार’ होते. म्हणजे जिभेच्या कसोटीने त्याची अर्हता नावातच नोंदविलेली होती; नगरपालिकेनेही ते खुले असल्याचे ठरविले होते. प्रश्न लायकीचा नव्हता, शक्यतेचाही नव्हता. प्रश्न अनुज्ञेचा होता. पाणिनीने वेगळे मोजलेले अर्थ समाजाने एका शब्दात गुंतवून ठेवले होते आणि त्या गुंत्याच्या आधाराने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले होते. महाडच्या कृतीने हा गुंता सोडविला : जे पिण्यास योग्य आहे ते पिण्यास सर्वांना मोकळीक असलीच पाहिजे. ह्यानंतर सनातन्यांनी दूध, दही, शेण, गोमूत्र ह्यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. प्रयोगशाळेच्या परिभाषेत ज्या कृतीने पाणी अयोग्य होते, तिलाच समाजाच्या परिभाषेत शुद्धी हे नाव मिळाले. ‘शुद्ध पाणी’ हा प्रयोग आरोग्याच्या लेखनात का टाळावा, ह्याचे ह्याहून स्पष्ट कारण देण्याची गरज नाही. तळ्यावरील हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला.

अनुज्ञेचा प्रश्न तेथे संपला असे मात्र नव्हे. त्याने रूप बदलले. मुंबईत झोपडीच्या वैधतेची तारीख हीच दीर्घकाळ नळजोडणीची अट होती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बांधकाम अनधिकृत आहे एवढ्या कारणाने तेथील रहिवाशांना पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. जातीच्या जागी कागदपत्र आले तरी अर्थविचाराचा साचा तोच आहे : योग्य पाणी अस्तित्वात आहे, पण ‘प्यावे’ हे विधान काहींनाच उद्देशून केलेले आहे.

६

आता ‘योग्य’ ह्या शब्दाकडे यावे. ह्याचे तद्भव रूप ‘जोगा’ मराठीत जुने आहे : खाण्याजोगे, पाहण्याजोगे, चालण्याजोगे. ‘पिण्याजोगे’ आणि ‘पिण्यास योग्य’ ह्यांत मूळ शब्द एकच. पण छटा वेगळी. ‘जोगे’ म्हणजे कामापुरते बरे, असा बोलणाऱ्याचा सैल अंदाज. ‘योग्य’ म्हणजे तपासून दिलेला निर्णय. हा निर्णय देण्याची व्यवस्था जंतुशास्त्राने निर्माण केली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा आली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था ह्या नावाने ओळखली जाते. अशा संस्थांमुळे डोळ्यांना निवळ आणि जिभेला गोड लागणारे पाणीही घातक असू शकते, हे ज्ञान शहराच्या व्यवहारात उतरले. जीभ हमीदार राहिली नाही. तिची जागा परीक्षानळीने घेतली.

भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्याचे जे मानक ठरविले आहे, क्रमांक १०५००, त्याची २०१२ सालची सुधारित आवृत्ती ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिच्यात बहुतेक घटकांसाठी दोन रकाने आहेत. एक ‘स्वीकार्य मर्यादा’ आणि दुसरा ‘पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा’. विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, अनुज्ञेय मर्यादा २०००. पाण्याच्या जडपणाची २०० आणि ६००. पाणिनीच्या अर्हता आणि अनुज्ञा ह्या दोन छटा येथे शेजारशेजारच्या रकान्यांत बसल्या आहेत. आणि ‘अनुज्ञेय’ हा शब्द ‘पेय’प्रमाणेच ‘य’ प्रत्ययाने सिद्ध झालेला आहे, हा योगायोग मनोरंजक खराच. पण एका ठिकाणी मानक कोणतीही सूट देत नाही. मैलादर्शक जंतू १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात आढळता कामा नये. खाऱ्या वा जड पाण्याच्या बाबतीत परिस्थितीप्रमाणे तडजोड होऊ शकते. विष्ठेच्या बाबतीत होऊ शकत नाही. ‘योग्य’ ह्या एका शब्दात हे दोन स्तर मिसळले जातात, ही त्याची पहिली उणीव.

दुसरी उणीव काळाची. प्रयोगशाळा ‘योग्य’ म्हणते ते नमुन्याला, पाण्याला नव्हे. विशिष्ट तोटी, विशिष्ट दिवस, विशिष्ट बाटली. मुंबईत सात तलावांतून दररोज सुमारे चार अब्ज लिटर पाणी येते. भांडूप व पांजरापूर येथे त्यावर प्रक्रिया होते. परंतु शहरातील बहुतेक भागांत पुरवठा ठरावीक तासांचाच आहे. नळ बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो, आणि फटीतून बाहेरचे सांडपाणी आत शिरण्याचा संभव निर्माण होतो. पुढे इमारतीची टाकी आणि घरातील पिंप ह्यांचे स्वतंत्र धोके असतात. केंद्रात योग्य असलेले पाणी पेल्यात योग्य असेलच असे नाही. म्हणूनच प्रभागवार ‘अयोग्य’ नमुन्यांचे प्रमाण प्रसिद्ध करावे लागते, आणि पावसाळ्यात ‘पाणी गाळून, उकळून प्यावे’ अशी सूचना निघते. ह्या सूचनेतील ‘प्यावे’कडे लक्ष दिले पाहिजे. ‘योग्य’ हे पाण्याविषयीचे विधान होते आणि त्याची जबाबदारी पुरविणाऱ्याकडे होती. ‘उकळून प्यावे’ ही पिणाऱ्याला दिलेली आज्ञा आहे. वाक्याचा कर्ता बदलला की जबाबदारीही बदलते. सूचना आवश्यक आहे ह्यात शंका नाही. पण ती हमीची पर्यायी जागा नव्हे.

‘निर्जंतुक पाणी’ हा प्रयोग ह्याउलट अतिरेकी आहे. पिण्याचे पाणी निर्जंतुक नसते आणि तसे असण्याची गरजही नाही. शस्त्रक्रियेच्या साहित्याला जो शब्द लागू आहे तो नळाच्या पाण्याला लावणे म्हणजे न पाळता येणारे वचन देणे होय. ‘सुरक्षित पाणी’ ह्या प्रयोगाचा दोष निराळ्या प्रकारचा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पिण्याच्या पाण्याचा हक्क मान्य केला. त्या ठरावातील विशेषणाचे हे मराठी रूपांतर. पण ‘सुरक्षित’ हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे : ज्याचे चांगले रक्षण केले आहे ते. ठेव सुरक्षित असते, किल्ला सुरक्षित असतो. ‘सुरक्षित पाणी’ म्हणजे व्याकरणदृष्ट्या ज्याला धोका नाही असे पाणी. ज्यापासून धोका नाही असे नव्हे. ह्या दुसऱ्या अर्थासाठी ‘निर्धोक’ हा शब्द मराठीत उपलब्ध आहे. तो बोलण्यात आहे, सर्वांना समजतो आणि त्याची दिशा बरोबर आहे.

७

ह्या चर्चेत एक शब्द मुद्दाम शेवटासाठी ठेवला आहे, आणि तो म्हणजे विशेषण न लागलेला ‘पाणी’. गिरगावच्या चाळीत, चौपाटीवरील लाटांपासून काही मिनिटांच्या अंतरावर, सकाळी कोणी विचारते, ‘पाणी आलं का?’ परळ-लालबागच्या गिरणगावात मजल्यावरच्या सामायिक नळाभोवती हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. ‘आज पाणी नाही’ ह्या वाक्याचा अर्थ समुद्र आटला असा कोणी घेत नाही. विहिरीच्या, बोअरच्या, टँकरच्या पाण्याला विशेषण लागते. नळाने येणाऱ्या पाण्याला लागत नाही. म्हणजे नगरपालिकेच्या नळाने एक भाषिक घटना घडवून आणली : संस्कृतातच झिजून गेलेला ‘पानीय’चा मूळ अर्थ मुंबईच्या बोलीत परत आला. ‘पाणी’ म्हणजे पिण्याजोगे पाणी. बाकीचे काहीतरी निराळे. ज्या अर्थासाठी परिभाषाकार नवे समास घडवितात तो अर्थ सार्वजनिक व्यवस्थेने साध्या शब्दालाच मिळवून दिला होता.

हे मिळवलेले पुन्हा निसटत आहे, ह्याची खूण उपाहारगृहात ऐकू येते. वाढपी विचारतो, ‘साधं पाणी की बिसलेरी?’ १९६५ साली मुंबईत विक्रीस आलेल्या बाटलीबंद पाण्याचे हे नाव आता कोणत्याही बाटलीबंद पाण्याला लागते. अर्थविचाराच्या दृष्टीने ह्यात विशेष नाव सामान्य झाले हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की त्यामुळे नळाचे पाणी ‘साधे’ झाले. जे विशेषणाविना उभे होते त्याला विशेषण लागले, आणि ते कमीपणाचे लागले. अर्हता ह्या छटेचा हमीदार पुन्हा एकदा बदलला : आधी जीभ, मग परंपरा, मग प्रयोगशाळा आणि नगरपालिका, आता बाटलीवरील झाकण. मात्र पूर्वीच्या हमीदारांत व ह्यात एक भेद आहे. नळाची हमी सर्वांसाठी होती. झाकणाची हमी विकत घ्यावी लागते. महाडला जी अनुज्ञा जातीने अडविली होती ती येथे किमतीने अडविली जाते, आणि ‘साधे’ ह्या निरागस शब्दामुळे ते लक्षातही येत नाही.

परिभाषा घडविताना ह्यावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘पेयजल’ हा शब्द योजनांच्या नावांत आहे तेथे असू द्यावा. पण पाट्यांवर, पाठ्यपुस्तकांत आणि आरोग्यविषयक सूचनांत त्याचा उपयोग करू नये. ‘पिण्याचे पाणी’ हा उद्देशवाचक प्रयोग हमी म्हणून वापरू नये. तो पाणी कोणत्या कामासाठी आहे एवढेच सांगतो. ‘शुद्ध’ आणि ‘निर्जंतुक’ हे दोन्ही शब्द टाळावेत, पहिला संदिग्ध म्हणून आणि दुसरा अतिव्याप्त म्हणून. जेथे अपाय नसणे हा गुण सांगावयाचा आहे तेथे ‘निर्धोक’ म्हणावे. जेथे तपासणीचा निर्णय सांगावयाचा आहे तेथे ‘पिण्यास योग्य’ म्हणावे, परंतु त्याबरोबर कोणी, कोठे आणि कधी तपासले हेही त्याच वाक्यात लिहावे. कर्ता, स्थळ आणि काळ वगळलेला ‘योग्य’ हा शब्द निर्णय राहत नाही, केवळ दिलासा होतो.

शब्दाची निवड करून पाणी निर्धोक होत नाही, हे उघड आहे. परंतु वाहिनी दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, हे ज्या वाक्यात लिहिले जाते ते वाक्य नीट रचणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. मुंबईच्या बोलीने दाखवून दिले आहे की, व्यवस्था विश्वासार्ह असली की ‘पाणी’ एवढा दोन अक्षरी शब्द पुरतो. त्या शब्दापुढे जितकी विशेषणे लावण्याची वेळ येईल, तितका तो विश्वास कमी झाला असे समजावे.